सासरवाडीचा पहेलवान

मी एके काळी पहेलवान होतो असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते खरं आहे. माझी भर मैदानात फजिती झाली असंही सांगितलं असेल तर तेही खरं आहे. पहिली गोष्ट फार दिवस टिकली नाही, दुसरी अजून टिकून आहे. चहा घ्या, निवतोय. दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

हे सगळं पन्नासच्या दशकातलं. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे. आणि अकोला एकदा नागपूरवाल्यांच्या राज्यात होतं, मग मुंबईवाल्यांच्या. मेडशीत बसून आम्हाला त्याचा काही पत्ता लागत नसे. ज्वारी, कापूस, तूर, दोन बैल आणि नुकतंच झालेलं लग्न, एवढाच माझा संसार. लग्नही जरा उशिरानंच झालं. म्हणजे मी काही कोवळा पोर नव्हतो, तिशीकडे झुकलो होतो.

सासरवाडी पोहरादेवीच्या अलीकडची. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटली की तोंडावर रुमाल धरतात. सासरे सखारामजी आपल्या जवानीत पंचक्रोशीतले नामांकित पहेलवान. मान अशी की कॉलरचं बटण कधी लागलंच नाही. आणि मी? लग्नात माझा फोटो काढायला वाशिमहून माणूस आला होता. त्यानं फोटो काढला, त्यात फेटा छान आला, मुंडावळ्या छान आल्या, मी फारसा आलो नाही.

पहिल्या नागपंचमीला बायकोला, म्हणजे गोदाला, माहेराहून आणायला गेलो. नागपंचमीला त्या गावात कुस्त्या असत. मैदानात घोंगडीवर मला सासऱ्यांच्या शेजारी बसवलं. त्यांनी प्रेमानं माझ्या दंडावर हात ठेवला. ठेवला आणि मग शोधत राहिले. शेवटी हलकेच म्हणाले, "जावईबुवा, दूध पेत जा थोडं."

बस, एवढंच. दुसरा कोणी असता तर दूध प्यायला लागला असता. माझ्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. पुढच्या नागपंचमीला याच मैदानात कुस्ती मारून दाखवीन, असं मी मनाशी ठरवून टाकलं. गोदाला गाडीत बसवलं तेव्हासुद्धा मी गप्प होतो. तिला वाटलं, पाहुणचारात काही कमी पडलं.

मेडशीचा आखाडा मारुतीच्या देवळामागे. वस्ताद होते इमामभाई. दिवसा कापूस पिंजायचे आणि सकाळी आम्हाला. मी गेलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोणाले आनलं?" मी म्हणालो, कोणाला नाही, मीच आलोय. त्यांनी मला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

आता त्या वयात कुस्ती शिकणं म्हणजे काय, ते शिकणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी लंगोट बांधण्यातच सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी बैठका मारल्या आणि तिसऱ्या दिवशी शेतात खाली बसलो तो उठवायला बायकोला यावं लागलं. जेवताना पाटावर बसता येईना, म्हणून मी भिंतीला टेकून उभ्यानं भाकर खायचो. आई विचारायची, हे काय नवीन? मी सांगायचो, पचन चांगलं होतं.

आखाड्यातली पोरं मिसरूड न फुटलेली, पण मला सहज उचलून आपटायची आणि वर "काका, लागलं का?" असं विचारायची. इमामभाईंनी मला डाव शिकवण्याचा नाद लवकरच सोडला. एकच पट तेवढा शिकवला. पट म्हणजे झपकन खाली वाकायचं, समोरच्याचा पाय ओढायचा आणि त्याला पाडायचं. ते म्हणाले, तुम्ही तसेही सारखे खालीच असता, तुम्हाला हा जमेल. वर्षभरात मी तो एकच डाव घोटला. आखाड्यात कोणी पडलं नाही त्यानं. पण लाल माती, तेल, ताक यांचा तो सकाळचा वास, इमामभाईंचं ते चिडून मांडीवर हात मारणं, हे आठवलं की अजून उगाच पहाटे जाग येते. फार सुखाचे दिवस होते ते, हे तेव्हा कळलं नाही.

दुसरी नागपंचमी आली. पुन्हा तेच मैदान, तीच घोंगडी. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या, मोठ्यांच्या सुरू झाल्या. सासऱ्यांनी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, "काय जावईबुवा, खेयता काय?" पाहुण्याला पान पुढं करावं तसं ते विचारणं. पाहुण्यानं हसून नाही म्हणायचं असतं.

मी उठलो आणि धोतर सोडलं. आत लंगोट कसूनच आलो होतो मी मेडशीहून.

सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाटलं, अभिमान. सगळं मैदान गप्प झालं. मला वाटलं, दरारा. मग पंचांनी आपसात काही कुजबुज केली आणि नामदेव नावाचा गडी माझ्यापुढे आला. हा नामदेव नांगराला बैल अडला तर बैलाला ढकलणारा. त्यानं वाकून मला सलामी दिली, हात मिळवला आणि उभा राहिला. मी वाकलो, पट काढला, आणि नामदेव एखादी भिंत ढासळावी तसा पाठीवर पडला. मैदानात टाळ्या पडल्या. खाली पडलेला नामदेव मला विचारतो, "तुमाले लागलं तं नाई ना?"

तुम्ही हसताय. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला वाटलं, काय दिलदार खेळाडू आहे.

त्यानंतर पोळ्याला गेलो, तिथं आणखी एक पाडला. हा तर माझा हात पोहोचायच्या आधीच पडला. मी त्याला माझ्या नजरेचा वचक समजलो. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तर तिसरा. त्या वेळी माझा पटच चुकला, मी त्याच्या पायाऐवजी मातीत हात घातला. तर त्या माणसानं मला दोन्ही हातांनी धरलं, स्वतः उताणा झाला आणि मला नीट आपल्या छातीवर बसवून घेतलं. मला आणि पंचांना दोघांनाही सोयीचं पडावं असं. सासरे फेटा सारखा करत दुसरीकडे पाहत होते.

मेडशीला परतताना गाडीत मी गोदाला माझ्या डावातल्या खुब्या समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "लय झालं आता. शेतीकडं पाहा." मी मनात म्हटलं, बाईमाणसाला आपल्या माहेरची माणसं हरलेली कशी आवडतील? मोठ्या मनानं मी तिला माफ केलं.

आखाड्यात मात्र तीच पोरं मला तसंच आपटत होती. याचा अर्थ मी काय लावावा? मी असा लावला की सासरवाडीच्या मातीत माझी ताकद खुलते. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली माझी गत नव्हती. माझी गत उलटी होती. माझं अंगण सरळ होतं आणि मला वाटत होतं मी नाचतोय.

थंडीत कारंजाला कुस्त्यांची मोठी दंगल ठरली. दूरदूरचे पहेलवान येणार होते. मी चावडीवर जाहीर करून टाकलं की या खेपेला कारंजात खेळणार. इमामभाईंनी हातातली कापूस पिंजायची धनुकली खाली ठेवली. ते म्हणाले, "भाऊ, तिथं सासरा नसते." मला वाटलं, सासऱ्यांच्या आशीर्वादाबद्दल बोलताहेत. मी म्हणालो, सासरे येणार आहेत ना, त्यांना निरोप गेला आहे.

निरोप पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी सखारामजी स्वतः बैलगाडी जुंपून मेडशीत हजर. त्या दिवशीचं त्यांचं बोलणं आठवलं की आज मला भडभडून येतं. बिचाऱ्यांना मला थांबवायचं होतं, पण थांबवायचं का ते सांगता येत नव्हतं. जावयाला तोंडावर कसं सांगावं? म्हणून ते चोहीकडून येत होते. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, त्या दिवसांत कारंजात पाणी बाधतं. मग म्हणाले, त्याच दिवशी आमच्या तुरीवर अळी पडणार आहे, तुम्ही पाहायला आलात तर बरं. त्याच दिवशी पडणार आहे हे त्यांना आधी कसं कळलं, ते मी विचारलं नाही. शेवटी म्हणाले, माझ्याच तब्येतीचं काही खरं नाही. हे सांगताना त्यांनी आईनं वाढलेली पाचवी पोळी तुपात बुडवली होती.

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "मामाजी, काळजी करू नका. तुमचं नाव राखतो."

ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

दंगलीच्या दिवशी कारंजाला माणूस मावत नव्हता. सासरवाडीचं अख्खं गाव गाड्या जोडून आलं होतं, सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे. बायका लांब झाडाखाली, त्यांच्यात गोदा. मैदानात गुलाब पहेलवान नावाचा दारव्ह्याकडचा गडी हात वर करून फेरी मारत होता. रीत अशी, की ज्याला खेळायचं त्यानं त्याच्या हातात हात द्यायचा. एक फेरी झाली, कोणी हात दिला नाही. मला कारण कळेना. एवढे पहेलवान बसलेत आणि एकाचीही हिंमत होऊ नये?

मी उठलो. मागून कोणीतरी माझं धोतर ओढलं. वळून पाहिलं तर सासरे. मला वाटलं, धोतर सोडायला मदत करताहेत. मी ते त्यांच्याच हातात सोडलं आणि जाऊन गुलाबच्या हातात हात दिला.

अंगाला माती लावून द्यायला नामदेव धावत आला. माती लावता लावता तो सारखा सासऱ्यांकडे वळून पाहत होता. मी त्याला धीर दिला, तुला पाडलं तसा याला पाडतो. तेव्हा तो एकदम रडवेला झाला आणि माझ्या कानाशी लागला.

"जावईबुवा, मले तुमी नाई पाडलं. मीच पडलो. आमच्या गावात जावयाची पाठ मातीले कोन लावन? एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई. सखारामजीले सांगाव बी नाई लागलं. पन हा गुलाब आमच्या गावचा नाई ना."

मी म्हणालो, "आणि पोळ्याचा तो?"

"त्यो तं घाईघाईनं पडला. मंग आमी त्याले रागावलो."

आता मला सांगा, माणसाला एखादी गोष्ट कळायची एक वेळ असते की नाही? चार महिने पडले होते. मी लंगोटावर मैदानाच्या मधोमध उभा, चारी बाजूंनी हजारो माणसं, आणि समोर तो गुलाब मांड्या थोपटतोय.  कुस्तीचं राहू द्या, माझ्या डोळ्यांपुढे फक्त सासऱ्यांचा चेहरा होता. मी ज्यांचं नाव राखायला निघालो होतो, त्यांच्या गावानंच नागपंचमीपासून माझं राखलं होतं. आणि आता त्यांच्या गावासमोर, त्यांच्या लेकीसमोर त्यांच्या जावयाची पाठ लागणार होती.

लागली. किती वेळात, ते मला सांगता येणार नाही. मी पट काढायला वाकलो एवढं आठवतं. त्यानंतर एकदम आभाळ दिसलं. छान निळं होतं.

मैदानात कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. इतकी लहान कुस्ती त्यांनी पाहिली नसावी. आणि त्या शांततेत माझे सासरे आत आले. फेटा सावरला, हात वर केला आणि आपल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मंडळी, कोनी गैरसमज करू नका. हा गुलाब पहेलवान मेडशीचा जावई हाये. आमचे जावई मेडशीचे. आपल्या गावच्या जावयाची पाठ ते कशी लावतीन? त्याहीनं मान राखला."

 मग सासरवाडीच्या माणसांनी जीव खाऊन टाळ्या पिटल्या आणि पाहता पाहता सारं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. फेटे उडाले. वा रे मेडशीवाले, वा रे मनाचा मोठेपणा! पंचांनी नारळ गुलाबला दिला आणि फेटा मला बांधला. मी मातीतच बसलेलो.

गुलाब मात्र चक्रावला. त्याची बायको दिग्रसकडची, मेडशी त्यानं नकाशात पाहिली नव्हती. सखारामजींनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला चार शब्द सांगितले. काय सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही. गुलाबनं माझ्याकडे पाहिलं, मग झाडाखाली पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या गोदाकडे पाहिलं. पुढं झाला, मला हात दिला आणि म्हणाला, "उठा, सायेबुवा."

साळा झालो मी त्याचा. तिथल्या तिथं.

संध्याकाळी परतताना सासरे माझ्या गाडीत बसले. मी खाली मान घालून होतो. वाटलं, आता बोलतील. बोलले, पण वेगळंच. म्हणाले, हजार माणसांत शब्द गेला आहे, तो खोटा राहून चालणार नाही. त्याच्या बायकोला मेडशीचं माहेर द्या. मी म्हणालो, मामाजी, मला माफ करा. ते म्हणाले, "कायले? माह्या जावयासाठी आजवर गाव पडत होतं. आज मी खोटं बोललो. त्यात काय झालं?" मी अंधार पडण्याची वाट पाहत होतो, म्हणजे डोळे पुसता येतील. गोदानं अंधाराची वाट पाहिली नाही, ती सरळ हसत सुटली ती मालेगावपर्यंत.

मग पुढच्या दिवाळीला आईनं गुलाबच्या बायकोला, द्वारकाला, बोलावणं धाडलं. आईला मुलगी नव्हती, तिला हे सगळं आयतंच हवं होतं. लुगडं-चोळी आणली, करंज्या केल्या. दोघं नवराबायको आले. ती द्वारका उंबऱ्याशीच थांबली, आत येईना. आईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला तशी ती रडायला लागली. मग कळलं, तिचे आईबाप लहानपणीच गेले होते, काकानं वाढवलेली. दिवाळीला माहेरी जाणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक नव्हतं. आईही रडली, गोदाही रडली. मी आणि गुलाब अंगणात उगाच बैलांच्या गुणांविषयी बोलत राहिलो. माझ्या फजितीतून कोणाचं काही भलं झालं असेल तर ते एवढंच, आणि ते मला आजही पुरतं.

तेव्हापासून दर दिवाळीला गुलाब मेडशीला यायचा. आता गावचा जावई आणि त्यात पहेलवान, म्हटल्यावर पाडव्याला आखाड्यात साळ्या-मेहुण्यांची कुस्ती ठरून गेली. साळा मी. दरवर्षी मी पट काढायला वाकायचो आणि दरवर्षी मला आभाळ दिसायचं. मेडशीची म्हातारी माणसं माना डोलवायची. जावयाचा मान ठेवावा तर असा, म्हणायची, एवढी ताकद अंगात आणि हूं की चूं नाही. मी नम्रपणे अंगावरची माती झटकायचो. इमामभाई तेवढे खोकायचे.

असं चांगलं चाललं होतं. पण एका पाडव्याला गुलाबला काय वाटलं कोण जाणे. बिचारा मनाचा मऊ. इतक्या वर्षांत साळ्याला एकदा तरी आनंद द्यावा, असं त्याच्या मनात आलं असणार. मी नेहमीप्रमाणे वाकलो, पाय धरला आणि तो एवढा मोठा गडी माझ्यासमोर उताणा पडला. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात वर करून आखाड्याला फेरी मारली.

टाळी एक नाही. फेरी पुरी होईपर्यंत माझ्या लक्षात आलं की सगळं गाव माझ्याकडे रागानं बघतंय. गावच्या जावयाची पाठ लावली, तीही ऐन दिवाळीत! एकजण तर म्हणाला, इतक्या वर्षांचा चांगुलपणा शेवटी ढोंगच निघाला. घरी बातमी माझ्याआधी पोहोचली होती. द्वारका गाल फुगवून बसलेली, गोदा बोलेना, आणि आईनं सांगितलं, जावयाचे पाय धरल्याशिवाय ताट मिळणार नाही.

मी काय सांगणार होतो? की तो आपणहून पडला? मग आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. ओसरीवर गुलाब बसला होता. मी वाकलो, त्याचे दोन्ही पाय धरले. तो हसू दाबायच्या धडपडीत लाल झाला होता.

आयुष्यात मेडशीच्या मातीत मी एकच कुस्ती मारली. ती त्यानं मारू दिली, आणि माफी मात्र मी मागितली.